मुंकने तेच चित्र सहा वेळा का रंगवलं?

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा नऊ दिवस आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर काढले, आणि माझा धाकटा भाऊ मेडिकलच्या बिलांच्या पाठीमागे सारखं एकच काढत बसायचा, बाबांचा सलाईन लावलेला डावा हात. आई चिडायची, "तुला आत्ता हे सुचतंय कसं?" मलाही ते विचित्रच वाटलं होतं. नंतर वाचत गेले तेव्हा एडवर्ड मुंक सापडला.

मुंक नॉर्वेचा चित्रकार. तो ५ वर्षांचा असताना आई टीबीने गेली, आणि १८७७ मध्ये मोठी बहीण सोफी, तीही टीबीनेच, फक्त १५ वर्षांची. आठ वर्षांनी, १८८५ ला, त्याने तो प्रसंग रंगवायला घेतला. रंग लावायचा, खरवडून काढायचा, परत लावायचा. उशीला टेकलेली फिकट मुलगी आणि शेजारी मान खाली घालून बसलेली मावशी, जिने आईमागे या पोरांना वाढवलं. आणि एवढ्यावर भागलं नाही, पुढच्या चाळीसेक वर्षांत हेच चित्र त्याने एकूण सहा वेळा रंगवलं.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात 'आघातानंतरची वाढ' ही कल्पना मांडली. नाती घट्ट होणं, आपण एवढं सोसू शकतो हे कळणं, साध्या दिवसाची किंमत वाटणं, असे बदल त्यात येतात. पण ते म्हणतात की माणूस संकटामुळे वाढत नाही, संकटानंतर डोक्यात जी झटापट चालते त्यातून वाढतो. ती दोन प्रकारची असते. एक, विचार आपोआप घुसतात, म्हणजे फोन वाजला की छातीत धस्स होतं, रात्री दोनला तोच जिना तोच स्ट्रेचर दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे आपण होऊन विचार करणं, हे काय झालं, आता माझं काय बदललं. सुरुवातीला पहिलाच जास्त असतो आणि ते स्वाभाविकच आहे. मला वाटतं हात चित्र काढायला लागतो तेव्हा पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला मदत होते, कारण रेघ कुठे ओढायची हे ठरवायला तरी बाबांच्या त्या हाताकडे नीट बघावंच लागतं.

लिहिण्याबद्दल तर प्रयोगच आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतंय' असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मी बदललो' असं वाटणं आणि खरंच बदलणं एक नाही. २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांमधल्या अशा बदलांची संकटाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी केली, तर लोक जेवढी वाढ सांगत होते तिचा प्रत्यक्ष बदलाशी फारसा मेळच बसला नाही. म्हणून घरात कोणी आजारी असताना त्या माणसाला 'यातून तू घडशील' असं कृपा करून सांगू नका.

आणि वेळ लागतो, खूप लागतो. जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झचा १८ वर्षांचा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. वडिलांचा विरोध असताना त्याला जायची परवानगी तिनेच मिळवून दिली होती, त्यामुळे ते दुःख किती खोल असेल याचा विचारही करवत नाही. स्मारकाचं काम तिने लगेच सुरू केलं, मध्येच सोडलं, परत घेतलं, ते पूर्ण झालं १९३२ ला. सुरुवातीच्या कल्पनेत मधे मुलगा होता, पायथ्याशी आई, डोक्याशी वडील. शेवटी उरले ते दोघंच, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले.

भावाच्या चित्रातला हातही सात महिन्यांनी गेला. आता तो बाकडं काढतो, आणि त्यावर बसल्या बसल्या झोपलेली आई.