जमिनीचा दावा सुरुवातीलाच काढून टाकायचाय? सेव्हन-इलेव्हनच्या अर्जाची माहिती

समन्स आलं की माणूस आधी काय करतो, कपाटातून सातबारा, फेरफार, आजोबांच्या नावच्या पावत्या काढतो आणि वकिलाला म्हणतो साहेब हे दाखवा, दावा लगेच उडेल. नाही उडत! दिवाणी प्रक्रिया संहिता 1908, ऑर्डर 7 रूल 11 (दावापत्र सुरुवातीलाच नामंजूर करा म्हणणारा हाच सेव्हन-इलेव्हनचा अर्ज), यात कोर्ट फक्त वादीचं दावापत्र आणि त्याने जोडलेले कागद बघतं, तुमची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) पण नाही. भोक त्याच्याच कागदात सापडलं पाहिजे.

अर्ज कुठलाही प्रतिवादी करू शकतो, दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर. कारणं म्हणजे दाव्याला कारणच घडलेलं नाही, मूल्यांकन किंवा कोर्ट फी कमी आहे (यात कोर्ट आधी दुरुस्तीला मुदत देतं) नाहीतर कायद्यानेच दावा चालत नाही. जमिनीच्या भांडणात जास्त जोर मुदतीच्या, म्हणजे दावा किती वर्षांत घालायचा या मुद्द्यावर असतो. खरेदीखत रद्द करून मागायला, गोष्ट कळल्यापासून 3 वर्षं. सुरतच्या दहीबेन केसमध्ये खत 2009 चं, दावा डिसेंबर 2014 चा, म्हणणं काय तर पूर्ण पैसेच मिळाले नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये दावापत्र नामंजूर झालेलं तसंच कायम ठेवलं. पण वादीने कधी आणि कसं कळलं ते नीट लिहिलं असेल तर पुरावा घ्यावा लागतो, मग तुमचा अर्ज टिकणं अवघड. मालकी हक्काने ताबा मागितला असेल तर मुदत 12 वर्षं, आणि दोन मागण्यांपैकी एक जरी चालण्यासारखी असली तरी अर्धा दावा कापता येत नाही. कुळाचा मुद्दा निघाला तर कुळकायदा कलम 85अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे जातो, दावा थांबतो, उडत नाही.

कागद फार नाहीत: दावापत्राची आणि सोबतच्या कागदांची नक्कल, वकीलपत्र, अर्ज, प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प, एक प्रत वादीला. कैफियतीचे 30 दिवस (फार तर 90) मात्र अर्ज केला म्हणून थांबत नाहीत, इथेच लोक फसतात.

दावापत्र नामंजूर झालं तर तो हुकूमनामा (डिक्री) धरतात, वादी अपिलात जातो. तुमचा अर्ज फेटाळला तर अपील नाही, हायकोर्टात रिव्हिजन (पुनरीक्षण अर्ज). आणि नुसत्या कोर्ट फीवर जिंकलात तर पेढे वाटू नका, रूल 13 प्रमाणे मुदत शिल्लक असेल तर तोच माणूस नवा दावा घालतो.