फीडर वेगळं, घरटं वेगळं

20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने 2010 पासून सुरू केलेला. तो जवळ आला की दरवर्षी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात. मुलांनी रंगवलेलं लाकडी खोकं, समोर गोल भोक, भोकाखाली काडी, आणि वर लिहिलेलं असतं 'आमचं बर्ड फीडर'. अहो ते फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायचं भांडं, नाहीये, ते घरटं आहे! नुसतं नाव चुकलं असतं तर मी काही बोललोही नसतो, पण फीडर म्हणायचं म्हणून लोक त्याच्या आत मूठभर तांदूळ पण टाकतात आणि मग महिनाभर वाट बघतात की चिमणी का येत नाही.

फीडर सगळ्यांना माहितीच आहे, त्यामुळे पटकन सांगतो. रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, दोन लाकडी चमचे आरपार घाला, चमच्याच्या खोलगट बाजूचं भोक जरा मोठं ठेवा म्हणजे दाणे चमच्यात घरंगळतात. भोकं मोठ्या माणसाने पाडायची, बाकी सगळं पोरं करतात. मला स्वतःला नारळाची करवंटी जास्त आवडते. तीन भोकं, तीन सुतळ्या, झालं काम. आणि एवढ्याशा झुलत्या करवंटीत कबुतराला धड बसता येत नाही हा मोठाच फायदा. दाणे म्हणजे बाजरी, राळे, ज्वारी, तांदळाची कणी. फरसाण, वेफर्स, पाव नको. पाइनच्या फळाला पीनट बटर फासायचा व्हिडिओ बघून आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात ते करू नका, सगळं वितळून पिसांना चिकटेल. तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवा, आणि आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा, ओल्या दाण्याला बुरशी लागते.

आता खरा घोळ. फीडर म्हणजे मंडई आणि घरटं म्हणजे बाळंतिणीची खोली. मंडईत गर्दी असावीच लागते, चार पक्षी दिसले की पाचवा येतो, म्हणून फीडर उघडं, लांबून दिसणारं, चारी बाजूंनी यायला-जायला मोकळं. घरट्याचं सगळं उलटं. चिमणीची जोडी जागा बघते ती लपायला, आणि तिथे दाणे ठेवले की मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाली, दाण्यांसाठी खारी आणि कावळे, खाली मांजर बसतं ते वेगळंच. एवढ्या वर्दळीत कोण अंडी घालणार? माझ्या भाच्याच्या खोक्याचं झाकण आम्ही काढलं तेव्हा तांदळाचा गोळा झाला होता, हिरवट, आणि भोकापासून तळापर्यंत मुंग्यांची रांग. आणि गंमत नाही सांगत, त्याच भिंतीवरच्या मीटरच्या पेटीमागे चिमणी गवत नेत होती, रोज! जागा तिला तिथलीच हवी होती, फक्त आपलं खोकं नको होतं.

आणि दाणे आत ठेवून पिल्लांचं पोट भरेल असंही नाही. चिमणीच्या लहान पिल्लांना पहिले काही दिवस प्रामुख्याने अळ्या, किडे लागतात, आईबाप ते बाहेरून शोधून आणतात. त्यासाठी कुंडीतल्या झाडांवर औषध न फवारणं हे तुमच्या मूठभर तांदळापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

भोकाखालची काडी तर मला बघवत नाही. चिमणी भिंतीला, भोकाच्या कडेला धरून सहज आत जाते, तिला पायरी लागत नाही. काडीचा फायदा कावळ्याला, तो आरामात तिच्यावर बसतो आणि आत चोच घालतो. फीडरला काडी हवी, घरट्याला नको, एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ. भोक 32 मिलिमीटरचं पुरतं, त्याहून मोठं केलं की साळुंकी ताबा घेते.

फीडर दोरीवर झुललं तरी चालतं, घरटं मात्र भिंतीला घट्ट ठोकायचं, 8-10 फुटांवर, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट येणार नाही अशा बाजूला. दोन्हींमध्ये अंतर ठेवा, शक्यतो फीडर एका गॅलरीत तर घरटं दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर. रंग वगैरे फीडरवर काय करायचा तो करू दे पोरांना, घरटं साधं लाकडाचं राहू द्या. बुलबुल, शिंजीर या खोक्यात येणारच नाहीत, बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं करतो आणि शिंजीर लोंबतं विणतो, त्यामुळे 'बुलबुलसाठी घरटं' असं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

मुलांना सगळ्यात कठीण जाते ती गोष्ट म्हणजे घरट्यात डोकावायचं नाही. फीडर रोज उघडा, भरा, धुवा, त्यात त्यांचा हात रमतो. घरट्याशी गाठ फक्त लांबून, खिडकीच्या पडद्याआडून, वहीत लिहायचं, आज गवत नेलं, आज पीस नेलं, आज चोचीत अळी होती. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोनेक. जोडी पुन्हा त्याच घरट्यात अंडी घालू शकते, म्हणून लगेच झाकण काढू नका. बरेच दिवस ये-जा पूर्ण थांबलेली दिसली की मगच जुनं गवत काढायचं, खोकं उन्हात वाळवायचं आणि परत त्याच खिळ्याला लावायचं.