लिथियमची विषबाधा: मिठाच्या पर्यायापासून डायलिसिसपर्यंत

लिथियमच्या वैद्यकीय इतिहासात १९४९ हे वर्ष दोन कारणांनी येते. अमेरिकेत मीठ वर्ज्य केलेल्या हृदयविकाराच्या व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिठाचा पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकले जात होते. त्या वर्षी त्यांपैकी काहींमध्ये हातांचा कंप, अडखळते बोलणे, गुंगी आणि संभ्रम दिसू लागला, काही जण दगावले आणि ही उत्पादने बाजारातून हटवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेलबर्नचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या, म्हणजे अनावर उत्तेजनेच्या मनोविकाराच्या, १० रुग्णांवरील लिथियमचा गुण प्रसिद्ध केला. त्यांचा पहिलाच रुग्ण मात्र १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने गेला.

अमेरिकेतील त्या मृत्यूंमागची यंत्रणा आजही समजून घेण्याजोगी आहे. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, आणि मूत्रपिंडे त्याला जवळजवळ सोडियमसारखेच हाताळतात. शरीरात मीठ कमी पडले की ती सोडियम धरून ठेवतात आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणजे ज्यांचे मीठ बंद होते, नेमके त्यांच्याच शरीरात लिथियम साचत गेले. आज हेच काम जुलाब, उलट्या, उन्हाळ्यात कमी पडलेले पाणी किंवा रक्तदाबासाठी नव्याने सुरू झालेली थायझाइडची (लघवी वाढवणाऱ्या औषधाची) गोळी करते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही लिथियमचे उत्सर्जन घटवतात, आणि ती तर रुग्ण कुणाला न विचारताच घेतो.

केड रक्तातील पातळी मोजत नसत. ती पद्धत १९५० च्या दशकात मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर व सहकाऱ्यांनी रुजवली, आणि तिच्यामुळेच हे औषध पुन्हा विश्वासास पात्र ठरले. अमेरिकेने त्याला उन्मादासाठी मान्यता दिली ती १९७० मध्ये.

तरीही केवळ आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. एकदम जास्त गोळ्या घेतलेल्या रुग्णाची पातळी खूप वर असूनही तो सुरुवातीला शुद्धीत बोलत असतो, कारण लिथियम मेंदूत सावकाश शिरते. उलट वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या वृद्धाचा तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, आणि अहवालातील पातळी मात्र फारशी वाढलेली नसते. अशा वेळी मूळचा आजार उलटला किंवा स्मृतिभ्रंश सुरू झाला असे मानणे सोपे असते, आणि त्यात मौल्यवान वेळ जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींनी म्हणूनच लक्षणांना स्वतंत्र वजन दिले: शुद्ध हरपत असेल किंवा झटके येत असतील तर पातळी कितीही असो, डायलिसिस करून लिथियम रक्तातून काढावे, आणि नुसता संभ्रम असला तरी त्याचा विचार करावा.