जखमी कुत्रा, राबवलेला बैल आणि पोच: नागपुरात कुठला अर्ज कुठे द्यायचा

इतवारीत लोहाओळीच्या तोंडाशी एक बंडी उभी होती. मे महिना, दुपारचा एक. सळ्या बंडीच्या मागे हातभर नाही, चांगल्या आठ-दहा फूट बाहेर लोंबत होत्या आणि डाव्या बैलाच्या खांद्यावर, जू टेकतं तिथेच, तळहाताएवढी ओली जखम होती. मी 112 लावला. दोन पोलिस आले, बैलाकडे पाहून हळहळलेही. मग म्हणाले, "भाऊ, अर्ज कुठाय तुमचा?" माझ्याकडे दोन हललेले फोटो होते. बंडी निघून गेली.

जनावर वाचवायला दोर, पोतं, हातमोजे लागतात हे कोणीही सांगेल. पण नागपुरात अडतं ते कागदावर, आणि त्याहून जास्त चुकीच्या दारात गेल्यामुळे. म्हणून आधी दार.

कोणतं जनावर, कुणाचं दार

रस्त्यावरचा कुत्रा किंवा मांजर असेल तर महापालिका. तुम्ही राहता तो भाग दहा झोनपैकी कुठल्या झोनमध्ये येतो ते पाहा. महापालिकेचं श्वान निवारा केंद्र भांडेवाडीला आहे. उपचार तातडीचे असतील तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. केसपेपरवर मालकाचं नाव विचारतात, तिथे लोक भलेपणाने स्वतःचं नाव लिहून मोकळे होतात. असं करू नका. "रस्त्यावरचा, आणणारा अमुक, सापडल्याची जागा अमुक" असं लिहायला सांगा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच केसपेपर तुमचा पहिला पुरावा असतो. जनावर तुमचं नाही हे त्यावर दिसायला हवं.

पोपट, घुबड, माकड, घोरपड, साप हे वन विभागाचं काम. फोन 1926. त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांचा दवाखाना, हेही सेमिनरी हिल्सलाच असल्यामुळे लोक घुबड घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि कुत्रा घेऊन वन विभागाकडे जातात. एक लक्षात असू द्या: जखमी पोपट "बरा होईपर्यंत" पिंजऱ्यात ठेवणं हासुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याच दिवशी सोपवा.

गाय, बैल, म्हैस दिसली तर आधी कान पाहा. पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचे 12 आकडे टिपून घ्या, त्यावरून मालकापर्यंत जाता येतं. शहरातलं मोकाट जनावर महापालिकेच्या कोंडवाड्यात जातं. गावाकडे, हिंगणा-कामठीच्या बाजूला, 1962 वर फोन करा. हा पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे.

आणि जनावर कामाला जुंपलेलं असेल, म्हणजे बंडीचा बैल, विटांचं गाढव, वरातीचा घोडा, तर दार पोलिस ठाण्याचं. याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथूनच हात हलवत परततात.

नसबंदी, लसीकरण आणि खाऊ घालणं

2001 चे श्वान जन्मनियंत्रण नियम जाऊन मार्च 2023 पासून प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 लागू आहेत. नसबंदीसाठी कुत्रे फक्त महापालिका किंवा भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असलेली संस्था नेऊ शकते. अर्ज मात्र कुठलाही रहिवासी करू शकतो. झोन कार्यालयात साध्या कागदावर द्या: कुत्रे किती, नर किती, माद्या किती, कोणाच्या कानाला खाच आहे (म्हणजे नसबंदी आधीच झालेली), पिल्लं आहेत का, आणि ते कुठल्या वेळी कुठे बसतात. सोबत प्रत्येकाचा एक फोटो आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलेला अर्ज लवकर हलतो, हा माझा अनुभव. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि अंगावर पाजणारी कुत्री उचलायची नसते, म्हणून तो तपशील अर्जात आधीच टाकावा. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस सांभाळून कुत्रा जिथून नेला तिथेच सोडायचा, हा मूळ नियम.

याला आता अपवाद झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानुसार शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातून उचललेले कुत्रे परत तिथे सोडायचे नाहीत, निवाऱ्यात ठेवायचे. म्हणजे एखाद्या दवाखान्याच्या गेटवरच्या कुत्र्यासाठी अर्ज देताना त्याचा परिणाम काय होणार हे समजून द्या.

खाऊ घालण्यावरून नागपूरकरांनी बरंच पाहिलं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी खाऊ घालण्यावर बंदी आणली, खाऊ घालायचं तर कुत्रा दत्तक घ्या असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही भागाला स्थगिती दिली. त्यानंतर 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशाने प्रत्येक वॉर्डात खाऊ घालायच्या जागा ठरवून द्यायला सांगितलं आणि इतरत्र रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली. तेव्हा तुमचा अर्ज "परवानगी द्या" असा नको. "आमच्या वॉर्डात जागा निश्चित करून द्यावी" असा हवा, आणि दोन जागा स्वतःच सुचवा: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या फाटकापासून लांब. सोसायटीत भांडण पेटलं असेल तर 2023 च्या नियमांत त्यासाठी पशु कल्याण समितीची तरतूद आहे. तिच्यापुढे जायचा अर्जही महापालिकेकडेच द्यायचा.

दत्तक घ्यायचं असेल तर ओळख आणि पत्त्याचा पुरावा, घर भाड्याचं असल्यास घरमालकाचं संमतीपत्र (मागितलं नाही तरी जोडा, नंतरचं रडगाणं वाचतं), लसीकरण आणि नसबंदीची नोंद. एकदा दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही.

राबवलेलं जनावर: ठाण्यात काय न्यायचं

तक्रार कोणीही करू शकतो. मालक असण्याची, संस्थेत असण्याची अट नाही.

कायदा 1960 चा, प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम 11 मध्ये मारहाण, जादा ओझं, आजारी जनावराला जुंपणं, उपाशी ठेवणं हे सगळं येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. साठ सालापासून तो वाढलेला नाही. तर्री-पोह्याच्या एका प्लेटमध्ये कायदा निपटतो, असं आमच्यातला एक वकील म्हणतो. म्हणून नुसतं कलम 11 लिहून थांबू नका.

जनावर मारलं, विष घातलं, लुळं केलं किंवा कायमचं निकामी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लिहा. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो. कलम 11 मधले बहुतेक प्रकार अदखलपात्र असल्याने तिथे एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर, भागवतात.

बंडीच्या बैलासाठी आणखी एक हत्यार आहे, आणि नागपुरात ते उन्हाळाभर चालतं. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठीचे 1965 चे नियम सांगतात की पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला लावायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे 37 हा आकडा सकाळच्या चहानंतर लगेच मागे पडतो. त्या दिवसाच्या तापमानाचा हवामान खात्याचा आकडा आणि वेळ दिसणारा फोटो, एवढ्यावर उल्लंघन उभं राहतं. वजनाचा वाद घालावाच लागत नाही. याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांची आणि विश्रांतीविना सलग पाच तासांची मर्यादा आहे, आणि टोकाला आर लावलेली तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी, वापरायलाही बंदी आहे. गाढवाच्या पाठीवर 50 किलोच्या वर ओझं चालत नाही. भट्टीवरच्या विटा मोजून, एका विटेचं वजन करून गुणाकार करा. बंडीची मर्यादा बैलाच्या आकारावर आणि चाकाच्या प्रकारावर बदलते, तिथे धरमकाट्याची चिठ्ठी लागते.

फोटो चार हवेत: जनावर पूर्ण, जखम जवळून (शेजारी पेन किंवा नाणं, आकार कळायला), गाडी मालासकट, आणि मागे दुकानाची पाटी किंवा खांब, जागा ओळखू येईल असा. चालकाशी भांडू नका. पुष्कळदा बैल त्याचा नसतो, रोजी मात्र त्याची असते. मालकाचं नाव त्याच्याकडूनच कळतं, तेही गोडीने विचारलं तर.

मग वैद्यकीय दाखला. सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी तपासून देतात. "खांद्यास जखम आहे" एवढ्यावर कोर्टात काही होत नाही. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जुनी की ताजी, पू किंवा अळ्या आहेत का, आणि शेवटची ओळ, "जनावर कामास अयोग्य", ही असायला हवी. नम्रपणे पण आठवणीने मागा.

अर्ज एका पानात बसवा. मी असा लिहितो: "दि. अमुक रोजी दुपारी 1.10 वा. अमुक ठिकाणी पांढऱ्या रंगाचा बैल, उजवे शिंग मोडलेले, डाव्या खांद्यावर जखम असताना सळ्यांनी भरलेल्या बंडीस जुंपलेला आढळला. तापमान अमुक अंश. सोबत फोटो चार. जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय तपासणी करावी व गुन्हा नोंदवावा." भावनांचा परिच्छेद मी पूर्वी लिहायचो. आता नाही लिहीत.

जनावर तपासणीसाठी ताब्यात घ्यायचा अधिकार कलम 34 खाली शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला आहे. म्हणून फोनवरच "हवालदारसाहेब पाठवा" म्हणा. लोहाओळीत मला हे माहीत नव्हतं.

सुपूर्दनामा: इथे तुम्ही पात्र नसता

सुपूर्दनामा म्हणजे जप्त जनावर सांभाळायला ताब्यात घेण्याचा कागद. जप्त झालेला बैल "मी सांभाळतो" म्हणून घरी आणता येत नाही. 2017 च्या मुद्देमाल जनावरांच्या नियमांनुसार खटला चालू असेपर्यंत जनावर पांजरापोळ, गोशाळा, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी किंवा प्राणी कल्याण संस्था यांच्याकडे ठेवायचं असतं. आदेश न्यायदंडाधिकारी देतात. अर्ज संस्थेने करायचा, सोबत नोंदणी प्रमाणपत्र, अधिकार दिल्याचा ठराव, जागा व चाऱ्याची सोय दाखवणारे कागद, एफआयआर किंवा एनसीची प्रत, पशुवैद्यकीय दाखला, जनावराचं वर्णन आणि बिल्ल्याचा नंबर. सांभाळाचा खर्च आरोपी, मालक, वाहतूकदार यांच्याकडून वसूल करायची तरतूद त्याच नियमांत आहे. अर्जात ती मागणी पहिल्याच तारखेला घाला. कित्येक गोशाळा ती घालत नाहीत आणि दोन वर्षं स्वतःच्या खिशातून कडबा घालतात.

संस्थाच काढायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, प्रत्यक्ष काम, लेखापरीक्षित हिशेब, मग भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता. अनुदान आणि नसबंदी प्रकल्प त्या मान्यतेशिवाय नाही.

घेत नाहीत तेव्हा

एका ठाण्यात मला रात्री अकराला सांगितलं, "ही हद्द आमची नाही." दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी ऐकलं नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलिस उपायुक्तांना, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. स्पीड पोस्टाची पावती ही तुमची पोच.

महापालिकेत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिना गेला तरी हालचाल नाही, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: आवक क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली? उत्तराला 30 दिवस.

एकच तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. 1960 च्या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत उभा राहावा लागतो. मेच्या उन्हातली तक्रार पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लागेपर्यंत टेबलावर पडून राहिली, तर ती संपली.