ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुसविकार आणि माजी नौसैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

नौदलाच्या सेवेत ॲस्बेस्टॉस या उष्णतारोधक, तंतुमय खनिजाची धूळ श्वासावाटे शरीरात जाऊन जडलेला फुप्फुसविकार सेवेमुळे उद्भवला किंवा बळावला, हे सिद्ध करून माजी नौसैनिक अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा करू शकतो. मुंबई हे पश्चिम नौदल विभागाचे मुख्यालय असल्यामुळे हा प्रश्न येथे विशेष जिव्हाळ्याचा आहे. वाफेवर चालणाऱ्या जुन्या युद्धनौकांच्या बॉयलर कक्षांत गरम नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचे लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, गुंडाळलेले असे. दुरुस्तीसाठी ते फोडले की पांढरट भुकटी त्या कोंडलेल्या जागेत तरंगत राही आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत येई. १९६१ ते १९९७ या काळात सेवेत असलेली पहिली ‘विक्रांत’ अशाच वाफेच्या नौकांपैकी होती.

फुप्फुसात रुतलेले तंतू शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरून फुप्फुस कडक होते. जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला हटत नाही. हा ॲस्बेस्टॉसिस होय. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग हे त्याहून घातक विकार आहेत. लक्षणे बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतात, तोवर माणूस निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेला असतो.

खरी अडचण येथेच आहे. सप्टेंबर २०२३ पूर्वी निवृत्त झालेल्यांना लागू असलेल्या, सैन्यदलांच्या निवृत्तिवेतनाच्या २००८ च्या पात्रता नियमांनुसार सेवामुक्तीनंतर १० वर्षांच्या आत उद्भवलेला विकार सेवाकाळातच सुरू झालेल्या प्रक्रियेचा उशिरा दिसलेला परिणाम आहे, असे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाल्यास तो सेवाजन्य मानता येतो. ज्या रोगाला प्रकट व्हायलाच २० वर्षे लागतात, त्याला ही मुदत लावणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत माजी सैनिकाला असा दावा कितीही वर्षांनी करता येतो.

म्हणून पुराव्याला फार महत्त्व येते. कोणत्या नौकेवर, कोणत्या कक्षात, किती वर्षे काम केले हे सेवापुस्तिकेतून आणि सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांतून दाखवावे लागते. सोबत छातीचा सीटी स्कॅन व श्वसनक्षमतेची चाचणी जोडावी लागते. दावा फेटाळला गेल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, ही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात घेतलेली भूमिका तेथे उपयोगी पडते.

विकार इतक्या उशिरा दिसत असल्याने जुन्या नोंदी टिकून राहणेही महत्त्वाचे आहे. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.