पार्श्वभूमी : मॅक्रो लेन्स आणि तिच्या नावातला घोळ

पावसाळा मध्यावर आला की नाशिकच्या छायाचित्रकारांमध्ये मॅक्रो लेन्सची, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सची, चौकशी वाढते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या पठारांवर फुलणारी सीतेची आसवे, कीटक पकडणारी दवबिंदू ही वनस्पती, किंवा अंजनेरीचेच नाव लावणारे कंदीलपुष्प कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या लेन्सच्या आवाक्यात नीट येत नाहीत; आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत पानामागचे फुलकिडे दाखवायचे झाले तर दुसरा इलाजच राहत नाही. अशा वेळी नवा माणूस विचारतो, “मॅक्रो कोणती घ्यावी?” यातील ‘मॅक्रो’ हा शब्दच इतका संदिग्ध आहे की दोन दुकानदार त्या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू पुढे करतात.

आरंभीच्या काळाविषयी थोडक्यात सांगता येते. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांना कापडी किंवा चामडी भाता असे, आणि तो लांबवला की कोणतीही लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस होत असे; त्यामुळे या कामासाठी वेगळी लेन्स असावी असे फारसे कोणाला वाटले नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आपल्या चित्रपटाच्या आद्य पुरुषाने १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली, ती याच काळात. अडचण निर्माण झाली ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांमुळे. भाता गेला, लेन्स पुढे सरकण्याची मर्यादा काही मिलिमीटरवर आली, आणि साधारण अर्ध्या मीटरच्या आत येणारी वस्तू धूसर होऊ लागली. १९५५ मध्ये लिख्टेनश्टाइनमधल्या एका छोट्या कारखान्याने ४० मिलिमीटरची जी लेन्स काढली, ती एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांसाठीची पहिली मॅक्रो लेन्स मानली जाते. तिची एक आवृत्ती १:१ पर्यंत जात असे, म्हणजे वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा फिल्मवर उमटत असे.

दुसऱ्याच वर्षी, १९५६ मध्ये, एका जपानी कंपनीने ५ सेंटीमीटरची लेन्स आणली आणि तिला ‘मॅक्रो’ऐवजी ‘मायक्रो’ म्हटले. आजच्या गोंधळाचे मूळ इथे आहे, म्हणून याला थोडी अधिक जागा देणे भाग आहे. त्या लेन्सच्या निर्मितीमागे फूल किंवा फुलपाखरू नव्हते, कागदपत्रे होती. ग्रंथालयांतील मजकूर मायक्रोफिल्मवर उतरवण्याचे काम तेव्हा जोरात होते. रोमन अक्षरांना पुरेशा ठरणाऱ्या लेन्स जपानी मजकुरातील चित्राक्षरांपुढे उण्या पडत, कारण एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा दाटीने बसलेल्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की अक्षरच बदलते. पंचवटीतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये दाटीवाटीने लिहिलेली नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको. सपाट पानाचा मध्य आणि चारही कोपरे सारखेच रेखीव यावेत, ही त्या लेन्सकडून पहिली अपेक्षा होती. पुढे १९६० च्या दशकात तिची ५५ मिलिमीटरची भावंडे जगभर पोचली, आणि फुले-कीटक टिपणाऱ्यांनी ती उचलली. आजही चांगल्या मॅक्रो लेन्सने टिपलेले नाणे किंवा टपाल तिकीट कडेपर्यंत स्वच्छ येते, ते याच वंशावळीमुळे.

नाव मात्र ‘मायक्रो’च राहिले. त्या कंपनीचे म्हणणे असे की प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी उमटली तरच ते मॅक्रो, आणि आपल्या या लेन्स तर वस्तूएवढी किंवा तिच्याहून लहान प्रतिमा देतात. कंपनी सूक्ष्मदर्शकही बनवत असल्यामुळे तिच्याकडे या शब्दांचा काटेकोर वापर होता, आणि वस्तूहून मोठी प्रतिमा देणाऱ्या तिच्या वेगळ्या लेन्सवर खरोखरच ‘मॅक्रो’ असे लिहिलेले असे. बाकीच्या जगाने हा भेद मानला नाही. वस्तुतः हा शब्द १८९९ मध्येच सुचवला गेला होता, तो सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांपासून दहापटींपेक्षा कमी वाढवलेली चित्रे वेगळी ओळखता यावीत म्हणून. म्हणजे ‘मॅक्रो’चा मूळ संदर्भ सूक्ष्मदर्शकाच्या तुलनेत ‘मोठे’ असा होता, आणि तो संदर्भ सुटल्यावर लहान वस्तूंच्या छायाचित्रणाला ‘मोठे’ का म्हणतात हे कोडेच उरले.

मराठीत या कोड्यावर आणखी एक गाठ बसली. बारावीच्या अर्थशास्त्रात आपण ‘मायक्रो’ला सूक्ष्म आणि ‘मॅक्रो’ला स्थूल म्हणायला शिकतो, परंतु छायाचित्रणात आल्यावर तोच ‘मॅक्रो’ सर्रास ‘सूक्ष्म छायाचित्रण’ होतो. शब्दशः पाहिले तर हे भाषांतर उलटे आहे. आशय पाहिला तर ते बरोबर आहे, आणि नकळत का होईना, त्या जपानी कंपनीच्या बाजूचे आहे. ‘स्थूल छायाचित्रण’ असे कोणी म्हणू लागले तर ऐकणाऱ्याला भलतेच काही वाटेल, तेव्हा ‘सूक्ष्म’ हाच शब्द चालू राहावा असे माझे मत आहे. मात्र त्यामुळे ‘मायक्रो’ लिहिलेली लेन्स म्हणजे ‘मॅक्रो’पेक्षा अधिक जवळ जाणारी लेन्स, असा समज अनेकांचा होतो. तो साफ चुकीचा आहे.

खरे नुकसान केले ते झूम लेन्सनी. १९७० च्या दशकापासून झूम लेन्सच्या कड्यावर ‘मॅक्रो’ हा शब्द विक्रीसाठी छापला जाऊ लागला, आणि त्यांतील बहुतेक लेन्स १:४ किंवा १:५ च्या पुढे जात नसत. नंतरच्या काही ७०-३०० मिलिमीटर झूम १:२ पर्यंत पोचल्या, ही त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावी अशी गोष्ट. शब्दावर पहारा ठेवणारे कोणी नव्हते, आणि किमतीतला फरक एवढा मोठा होता की ग्राहकालाही तो समज हवासाच वाटला. माझ्या परिचयातील निम्म्या लोकांची ‘पहिली मॅक्रो’ अशीच एखादी झूम होती. यावर उपाय फुटपट्टीचा आहे : लेन्स शक्य तितक्या जवळ फोकस करून फुटपट्टीचे आडवे चित्र घ्यावे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या किंवा फुल फ्रेम कॅमेऱ्यात चौकटीच्या रुंदीत ३६ मिलिमीटर मावले तर ती १:१, ७२ मावले तर १:२. दीडशेच्या आसपास मावत असेल तर कड्यावर काहीही लिहिलेले असो, ती खरी मॅक्रो नव्हे.

फिल्मच्या अखेरच्या दशकात नाशिकमध्ये १:१ ची खरी लेन्स फारच थोड्यांकडे होती. ज्यांना ती हवी असे ते सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जात, बोरा बाजारातील दुकाने पालथी घालत आणि बहुधा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) घेऊन संध्याकाळी परतत. हिशेब सोपा होता : ५० मिलिमीटरच्या लेन्सला अनंतावर ठेवून मागे ५० मिलिमीटरच्या ट्यूब जोडल्या की १:१ मिळे, २५ च्या जोडल्या की त्याच्या निम्मे. ज्यांना तेवढेही परवडत नसे ते रिव्हर्स रिंगने लेन्स उलटी लावत, किंवा क्लोज-अप फिल्टरवर, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या भिंगावर, भागवत. मात्र ट्यूबच्या जोडणीत प्रकाश घटतो : १:१ ला एफ/८ हे (लेन्सच्या छिद्राचे माप सांगणारे) अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात एफ/१६ सारखे वागते, म्हणजे दोन स्टॉपचा तोटा होतो, प्रकाश एक चतुर्थांश उरतो. हे ५० आयएसओच्या, म्हणजे भरपूर उजेड मागणाऱ्या, स्लाइड फिल्मवर आणि श्रावणातल्या ढगाळ उजेडात सांभाळायचे म्हणजे फ्लॅश आलाच. कागदी डबा आणि ट्रेसिंग पेपर वापरून केलेला, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा घरगुती डिफ्यूझर ही त्या काळाची देणगी आहे, आणि तो आजही चालतो.

जोडकाम न करता स्वतःच १:१ ला जाणाऱ्या ऑटोफोकस लेन्स १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या, परंतु त्यांचा खरा प्रसार डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर झाला. इथेच व्याख्या पुन्हा ढवळली गेली. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १:१ ला साधारण २४ मिलिमीटर रुंदीच मावते, त्यामुळे तीच मुंगी पडद्यावर दीडपट मोठी दिसते, आणि विक्रेते ‘दीडपट मॅग्निफिकेशन’ सांगून मोकळे होतात. सेन्सरवरची प्रतिमा मात्र वस्तूएवढीच असते. २०१९ नंतर २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ मिरवणारे मोबाइल आले, त्यांनी तर प्रमाणाचा विचारच निकालात काढला. प्रतिमा कितीपट हे सेन्सरवर मोजायचे की पडद्यावर, यावर छायाचित्रकारांच्या बैठकींत अजून वाद होतात; मी जुन्या, सेन्सरवर मोजण्याच्या पक्षाचा आहे, कारण पडदा प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता नव्या माणसासमोरचा प्रश्न फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरच्या आकड्याचा, असतो. ६० मिलिमीटरची लेन्स हलकी आणि स्वस्त, पण १:१ ला तिच्या टोकापासून वस्तूपर्यंत १० सेंटीमीटरही उरत नाहीत, आणि चतुर तोवर उडालेला असतो. ९० ते १०५ च्या लेन्सला साधारण १४-१५ सेंटीमीटर मिळतात. २००६ मध्ये १०५ मिलिमीटरच्या मॅक्रोत पहिल्यांदा कंपनरोधक यंत्रणा बसली, तरी अगदी जवळ तिचा परिणाम बराच कमी होतो. २००९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने कॅमेऱ्याचे सरकणेही सावरणारी यंत्रणा आणली. २०२१ मध्ये त्याच कंपनीची १.४ पटीची लेन्स आली, आणि त्याआधीच दुपटीच्या, हाताने फोकस करायच्या लेन्स स्वस्तात मिळू लागल्या होत्या. दुपटीचा मोह सुरुवातीला टाळावा असे मला वाटते : १:१ लाच, एफ/८ वर, स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिलिमीटर असते, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या दवबिंदूचा एक केस तेवढ्यात आत-बाहेर होतो.

अलीकडे मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमुळे एक जुनी गोष्ट परत आली आहे. कागदपत्रांसाठी जन्मलेल्या त्या ५५ मिलिमीटर लेन्स जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळतात, साध्या अ‍ॅडॅप्टरने नव्या कॅमेऱ्यावर बसतात, आणि फोकस कुठे लागला हे पडद्यावर रंगीत कडांनी दिसत असल्यामुळे हाताने कडे फिरवण्याची पूर्वीची भीती राहिलेली नाही. त्यांतील बहुतेक १:२ लाच थांबतात. पुढे जायचे तर मागे ट्यूब लावावी लागते, आणि कड्यावर शब्द ‘मायक्रो’ असतो.