ओटीपी बरोबर, तरी कार्ड नाकारलं

मिरजेच्या माझ्या मावशीने गेल्या दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन मिक्सर मागवायला घेतला. कार्डाचा नंबर घातला, मुदत घातली, पाठीमागचे तीन आकडे घातले. स्वयंपाकघरात रेंज येत नाही म्हणून मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. तिथे उभं राहून ओटीपीचा एकेक आकडा मोठ्याने म्हणत तिने तो टाकला. चक्र फिरलं आणि लाल अक्षरं उमटली: व्यवहार नाकारला गेला, आपल्या बँकेशी संपर्क साधा. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग मला फोन. "अगं, खात्यात पैसे आहेत, आकडे बरोबर आहेत, मग नाकारतात म्हणजे काय? मी काय कुणाचे बुडवलेत?"

पतपेढीत तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे लागणारच. तिने आयुष्यभर पाहिलेला नकार हा कर्जाचा, आणि तो पत नसलेल्या माणसाच्या वाट्याला यायचा. पडद्यावरच्या नकाराचा मात्र आपल्या पत-प्रतिष्ठेशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. त्या पाच-सहा सेकंदांत आपल्याला वेगवेगळे प्रश्न विचारले जातात, ते विचारणारेही वेगवेगळे असतात, आणि त्यातल्या एकालाही हवं ते उत्तर मिळालं नाही की सगळ्यांच्या वतीने एकच वाक्य आपल्यासमोर येतं.

पहिला प्रश्न तर बँकेपर्यंत जातही नाही. कार्डाच्या नंबरातला एखादा आकडा चुकला की वेबसाइट लगेच 'नंबर चुकीचा आहे' म्हणते. तिला हे कसं कळतं? नंबरातला शेवटचा आकडा हा आधीच्या सगळ्या आकड्यांचा पहारेकरी असतो. आयबीएम या संगणक कंपनीतले हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० साली मिळालं. ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर घेऊ. तो कुणाच्या कार्डाचा नाही, यंत्रणा तपासण्यासाठी जगभर वापरला जातो. उजवीकडून निघायचं, शेवटचा आकडा तसाच ठेवायचा आणि पुढे एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा. दुप्पट नऊच्या वर गेली तर तिच्यातून नऊ वजा करायचे. इथे डावीकडच्या चारचे आठ होतात, सात एकांचे दोन-दोन म्हणजे चौदा, आणि उरलेले आठ एक तसेच. बेरीज ३०. दहाने भाग गेला, नंबर रचनेला धरून आहे. शेवटच्या एकाच्या जागी दोन टाका, बेरीज ३१ होते आणि चूक उघडी पडते. एखादा आकडा चुकला तर ही युक्ती हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडते, फक्त शून्य आणि नऊची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. पेन आणि पाठकोरा कागद घेऊन स्वतःच्या कार्डावर करून पाहा, आणि मग तो कागद फाडून टाका.

पाठीमागच्या तीन आकड्यांचं गणित वेगळं. नंबर, मुदत आणि बँकेकडची गुप्त किल्ली (फक्त तिलाच ठाऊक असलेला आकडा) यांच्यापासून ते तयार होतात, त्यामुळे तपासताना बँकेचं यंत्र तेच गणित पुन्हा मांडून उत्तर जुळतं का ते पाहू शकतं. दुकानदाराला हे आकडे व्यवहार झाल्यावर साठवून ठेवायला कार्डउद्योगाच्या नियमांनी मनाई आहे.

आता मुख्य गोष्ट. कार्डाने पैसे देताना बँक दोन निराळ्या बाबी ठरवते. कार्ड वापरणारी व्यक्ती तीच आहे का, ही एक. आणि हा व्यवहार होऊ द्यायचा का, ही दुसरी. ओटीपी फक्त पहिल्याचं उत्तर देतो. मावशीची ओळख दोन्ही वेळा पटली होती, नकार आला तो दुसऱ्या टप्प्यावर. पडद्यावर हा फरक कुठेच दिसत नाही आणि माझ्या मते सगळा मनस्ताप इथूनच सुरू होतो.

ओळख पटवण्याच्या या पद्धतीला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. बँकांना जोडणारं कार्डांचं जाळं चालवणाऱ्या व्हिसा कंपनीने ती २००१च्या सुमारास आणली. थ्री-डी म्हणजे तीन क्षेत्रं: दुकानदाराची बँक, आपली बँक आणि दोघांना जोडणारं जाळं. दुकानाच्या पानावरून आपण अचानक बँकेच्या पानावर जातो ते यामुळेच, कारण ओळखीचा पुरावा दुकानदाराच्या हाती न लागता थेट आपल्या बँकेला मिळावा. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही जादा पडताळणी सक्तीची केली. युरोपात अशी सक्ती कायद्याने लागू झाली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. आपल्याकडे ती दहा वर्षं आधी आली, याचा मला अभिमान वाटतो.

मात्र ही पडताळणी एसएमएसवर टेकलेली आहे, आणि ती टेकण किती नाजूक आहे हे ८ मार्च २०२१ रोजी देशाने अनुभवलं. जाहिरातींचा मारा रोखण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने आपल्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायचा होता. नोंदीशी न जुळणारा संदेश अडवायला त्या दिवशी सुरुवात झाली. अनेक कंपन्यांची नोंदणी अपुरी होती, त्यामुळे जाहिरातींबरोबर ओटीपीही अडकले. देशभर लोक मोबाइलकडे बघत बसले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही छाननी सात दिवसांसाठी थांबवली. त्या दिवशी ज्यांचे व्यवहार अडकले त्यांच्या खात्यात किंवा कार्डात काहीच खोट नव्हती.

ओळख पटली की विनंती जाळ्यातून आपल्या बँकेकडे जाते आणि उत्तर दोन आकडी खुणेत परत येतं. ००, म्हणजे मंजूर. ५१, शिल्लक अपुरी. ५४, कार्डाची मुदत संपली. ९१, बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. ५७, या कार्डाला अशा व्यवहाराची परवानगी नाही. आणि सगळ्यांत त्रासदायक ०५, ज्याचा अर्थ एवढाच की व्यवहार मान्य करू नका. का, ते त्यात नाही. दुकानदारालाही याहून जास्त कळत नाही, म्हणून त्याच्या ग्राहकसेवेशी भांडून उपयोग होत नाही.

०५च्या मागे पुष्कळदा बँकेच्या शंकेखोर यंत्राचा हात असतो. रक्कम नेहमीपेक्षा मोठी आहे का, मोबाइल नवा आहे का, एवढ्या रात्री खरेदी का, पाच मिनिटांत तिसरा प्रयत्न का, असे धागे जोडून ते प्रत्येक व्यवहाराला धोक्याचे गुण देतं. अशा यंत्राच्या हातून प्रामाणिक माणसं अडवली जाणारच, हे साध्या हिशोबाने कळतं. समजा, एक लाख व्यवहारांत शंभर लबाडीचे आहेत. यंत्र त्यातले नव्वद पकडतं आणि खऱ्या व्यवहारांत शंभरामागे फक्त एकावर चुकून संशय घेतं. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण खरे व्यवहार ९९,९०० आहेत, त्यांच्यातले ९९९ अडतील. म्हणजे अडवलेल्या एकूण १,०८९ व्यवहारांत दर बारांमागे अकरा सरळ माणसांचे. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण लबाड थोडे आणि प्रामाणिक अफाट असले की हिशोब असाच पडतो. मावशीला मी हेच सांगितलं: यंत्राने संशय घेतला तरी तुझ्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नसतं.

मग कारण स्पष्ट का सांगत नाहीत? चोर चोरलेले नंबर छोट्या रकमा टाकून तपासत असतात. पाठीमागच्या तीन आकड्यांच्या एकूण जोड्या हजारच होतात. 'तेवढे तीन आकडे चुकले, बाकी बरोबर' असं यंत्राने सांगितलं तर चोराचं काम फार सोपं होईल. चोराला कळू नये ते या पद्धतीत मालकालाही कळत नाही. मला हे समर्थन अर्धंच पटतं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये, पासवर्ड टाकून आत आलेल्या खातेदाराला खरं कारण दाखवायला काय हरकत आहे?

परदेशी वेबसाइटवर आणखी एक पेच. अमेरिकेत ओटीपीची सक्ती नाही. तिथले दुकानदार घरक्रमांक आणि झिपकोड (तिथला पिनकोड) बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहतात. ही सोय अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांतल्या पत्त्यांसाठी बेतलेली. 'गणेशकृपा, मारुतीच्या देवळामागे' या पत्त्याचं तिथे काय जुळणार! कार्ड चालू असूनही असा व्यवहार तिथल्या दुकानाकडून परत येऊ शकतो.

कधी खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस येतो आणि दुकान म्हणतं मिळाले नाहीत. घाबरू नका, पण तारीख लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. ती मागावी लागू नये, बँकेने स्वतःहून द्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. पैसे आपण न केलेल्या व्यवहारात गेले असतील तर मात्र वाट पाहू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर फोन करा.

मावशीच्या बाबतीत झालं होतं ते असं. जुन्या कार्डाची मुदत संपल्यामुळे जूनमध्ये तिला नवं कार्ड आलं होतं. २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, ऑनलाइन वापर खातेदाराने स्वतः सुरू करायचा असतो. भाजीबाजारापासून औषधाच्या दुकानापर्यंत ते कार्ड सगळीकडे चालत होतं, म्हणून तिला शंकाच आली नाही. मी फोनवर सांगत गेले, ती ॲपमध्ये शोधत गेली. कार्ड, मग नियंत्रण, मग 'ऑनलाइन व्यवहार' या शब्दांपुढचं करडं बटण. ते हिरवं झालं. खाली मर्यादा विचारली, तिने दहा हजार टाकले.

फोन पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर गेला. आकडे म्हणण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग थोडा वेळ काहीच नाही.

"झालं गं. शुक्रवारी येणारे मिक्सर." आणि लगेच, "आता हे बटण परत बंद करून ठेवू का?"

ठेव म्हटलं.